घरच्या मिनी लेथसाठी पहिली टूल्स कोणती घ्यावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी ७ × १४ म्हणून विकलं जाणारं मिनी लेथ आणलं आहे. बेडवर साधारण १८० मिमी व्यास फिरतो, दोन सेंटरमध्ये ३५० मिमी लांबी बसते, मोटर ५५० वॅटची आणि टूल पोस्ट चार बाजूंचं आहे. काम एमएस (माइल्ड स्टील), अॅल्युमिनियम आणि पितळेचं, व्यास ६ ते ४० मिमी. टूल्स म्हणून इन्सर्टच्या (स्क्रूने बसवायच्या, बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या तुकड्यांच्या) होल्डरचा तयार सेट घ्यावा, ब्रेझ केलेली विडिया टूल्स (स्टीलच्या दांड्याला कार्बाइडची टिप झाळलेली) घ्यावीत, की एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) बिट आणून स्वतः धार लावावी?

एचएसएसने सुरुवात करा आणि धार लावायला शिका. इन्सर्टचा एकच चांगला होल्डर सोबत ठेवा. सात-नऊ होल्डरचा सेट आत्ता घेऊ नका. यामागचं कारण पैशापेक्षा मशीनची ताकद आणि मजबुती यांच्याशी जास्त निगडित आहे, म्हणून आधी ते समजून घ्या.

कटिंगला किती शक्ती लागते याचा अंदाज काढता येतो. कटची खोली मिमीमध्ये, फीड (एका फेऱ्यात टूल किती पुढे सरकतं) मिमी प्रति फेरा, कटिंग स्पीड मीटर प्रति मिनिट आणि त्या धातूचा रोध न्यूटन प्रति चौरस मिमी, या चौघांचा गुणाकार करून ६० ने भागा, उत्तर वॅटमध्ये येतं. एमएसचा रोध साधारण २५०० धरा. एचएसएसने २८ मीटर स्पीडला, १ मिमी खोली आणि ०.१ मिमी फीड ठेवलं तर सुमारे ११७ वॅट लागतात. तेवढाच कट कार्बाइडला साजेशा १२० मीटर स्पीडने घेतला तर ५०० वॅट. पट्टा, गिअर आणि बेअरिंगमध्ये जाणारा वाटा धरला की ५५० वॅटची मोटर तिथेच दमते. शिवाय आरपीएम बघा: ३१८ ला स्पीडने गुणून व्यासाने भागायचं. १२ मिमीच्या बारला १२० मीटर हवे असतील तर ३१८० आरपीएम लागतात. बहुतेक मिनी लेथ २५०० च्या आसपास थांबतात, आणि त्या वेगाला चकमध्ये थोडासा असमतोल असला तरी अख्खं टेबल थरथरतं. याउलट २५ मिमी एमएसला एचएसएससाठी सुमारे ३५० आरपीएम पुरतात. हा वेग नवशिक्याच्या हाताला आणि डोळ्याला झेपणारा आहे, काही बिघडलं तर मशीन बंद करायला वेळ मिळतो.

याचा अर्थ कार्बाइड कमी वेगाला कापतच नाही असा नाही. कापतं. पण स्टीलसाठी बनवलेल्या सर्वसाधारण इन्सर्टची धार मुद्दाम किंचित गोल केलेली असते, कारण तासभर जोरदार कट घेताना ती तुटू नये. मोठ्या सीएनसीवर हे योग्यच आहे. मिनी लेथवर शेवटचा ०.०५ मिमीचा हात घ्यायला गेलात की अशी धार कापण्याऐवजी घासते. डायल ०.०५ पुढे नेता, जॉबवरून (कापायच्या तुकड्यावरून) काहीच निघत नाही. पुन्हा तेवढंच नेता आणि एकदम ०.१० निघून साइझ खाली जाते. नवीन माणूस यात मशीनला दोष देतो. ऑइल स्टोनवर नीट घासलेलं एचएसएस ०.०२ मिमीचा सालपटासारखा पातळ कटसुद्धा घेतं. धारदार टूलला जोर कमी लागतो आणि हलक्या मशीनवर तेच सगळ्यात महत्त्वाचं.

बिट विकत घेताना आधी टूल पोस्ट मोजा. टूल जिथे टेकतं तिथपासून सेंटरच्या टोकापर्यंतची उंची स्केलने किंवा व्हर्नियरने घ्या. समजा ती ११ मिमी आली, तर १२ मिमीचा इन्सर्ट होल्डर त्या पोस्टवर कधीच सेंटरला येणार नाही, कारण अशा होल्डरचं टोक त्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीत असतं. ते खाली नेता येत नाही, पॅकिंग घालून वर मात्र उचलता येतं. म्हणून मोजलेल्या उंचीपेक्षा १-२ मिमी कमी जाडीचं टूल घ्यायचं. या आकाराच्या मशीनला ८ किंवा १० मिमीचा चौरस बिट बरोबर बसतो. आपल्याकडे इंचाचेही मिळतात, ५/१६ म्हणजे जवळजवळ ८ मिमी आणि ३/८ म्हणजे ९.५ मिमी. मुंबईत नागदेवी, कोल्हापुरात उद्यमनगर, पुण्यात भोसरीच्या औद्योगिक भागातली टूलची दुकानं, कुठेही मिरांडासारख्या जुन्या नावाचे बिट सुटे मिळतात. नाव नसलेला स्वस्त बिट घेतलाच तर घरी आल्यावर ग्राइंडरला हलकासा लावून ठिणग्या बघा. एचएसएसच्या ठिणग्या कमी, लालसर आणि न फुटणाऱ्या असतात. पिवळ्या-पांढऱ्या फुलबाज्या उडाल्या तर ते साधं कार्बन स्टील आहे, पहिल्याच गरम कटला ते नरम पडेल. साधा एम २ प्रतीचा बिट तुमच्या कामाला पुरेसा आहे. ५ ते १० टक्के कोबाल्ट असलेला बिट स्टेनलेस आणि कडक स्टीलवर जास्त टिकतो, पण तो घासायला वेळ लागतो, म्हणून शिकायला नको. सहा साधे बिट घ्या. दोन घासून-घासून संपतील, तेच त्यांचं काम.

ग्राइंडर १५० मिमीचा पुरतो. त्यावर सहसा करडं खडबडीत चाक येतं, एका बाजूला ६० ग्रिटचं पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक बसवून घ्या. रेस्ट (बिट टेकवायची पट्टी) आणि चाक यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका, नाहीतर बिट आत ओढला जातो. गॉगल घालायचा, हातमोजे घालायचे नाहीत. या चाकावर अॅल्युमिनियम किंवा पितळ कधीही घासू नका. मऊ धातू चाकात भरून बसतो, मग चाक कापायच्या ऐवजी तापतं आणि फुटू शकतं.

पहिलं टूल उजव्या हाताचं टर्निंग-फेसिंगचं करा. ते टेलस्टॉककडून चककडे कापत जातं, म्हणजे त्याची धार डाव्या बाजूला असते. आधी डावी बाजू घासा: रेस्ट तिरकी ठेवून साधारण १० अंशांचा क्लिअरन्स (धारेखालचा भाग जॉबला घासू नये म्हणून दिलेला उतार) द्या, खालची कड आत आणि वरची बाहेर. मग पुढचं टोक, तेही खाली १० अंश आत, आणि वरून पाहिल्यास डावा कोपरा पुढे राहून उजवीकडे १५ अंश मागे जाणारं. या दोन पृष्ठभागांच्या कोपऱ्याला टोक तयार होतं. तिसरा पृष्ठभाग माथ्यावरचा. तो धारेपासून उजवीकडे उतरता, एमएससाठी १२ ते १४ अंश. हा उतार म्हणजे रेक, चिप सहज सुटते ती यामुळे. माथा घासताना टोकाची उंची शक्य तितकी कमी गमवा, नाहीतर पॅकिंग वाढत जातं. बिट हातात धरवेनासा झाला की पाण्यात बुडवा, पण लालभडक तापवून एकदम पाण्यात टाकू नका, बारीक तडे जातात. कड निळी पडली तर घाबरू नका. एचएसएस साधारण ६०० अंश सेल्सियसपर्यंत कडकपणा राखतं, निळेपणाने ते वाया जात नाही.

यानंतरचा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग फिनिश येत नाही म्हणतात. ग्राइंडरची धार सूक्ष्म करवतीसारखी असते. बारीक ऑइल स्टोनवर तिन्ही पृष्ठभाग सपाट घासा, चाकाच्या गोलाईमुळे पृष्ठभाग मध्ये खोलगट असल्याने दगड फक्त दोन्ही कडांना लागतो आणि काम दोन मिनिटांत होतं. शेवटी टोकाला दगडाने ०.३ ते ०.५ मिमीची गोलाई द्या. सुईसारखं टोक जॉबवर आट्यांसारख्या रेघा पाडतं आणि लगेच मोडतं. उलट १ मिमीपेक्षा मोठी गोलाई दिलीत तर या हलक्या मशीनवर चॅटर (टूल आणि जॉबची थरथर) येतं. फीड आणि गोलाई यांचा हिशेब असा: फीडचा वर्ग भागिले गोलाईच्या आठपट, एवढी रेघांची उंची राहते. ०.१ मिमी फीड आणि ०.४ मिमी गोलाईला ती ३ मायक्रॉनच्या आसपास येते, घरच्या कामाला उत्तम.

धातू बदलला की माथ्याचा कोन बदलतो. अॅल्युमिनियमला रेक जास्त द्या, १५ ते २० अंश, आणि माथा दगडाने आरशासारखा करा. नाहीतर अॅल्युमिनियम धारेवर चिकटून थर बसतो आणि तो थरच कापायला लागतो, पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसतो. थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० ब्रशने लावलं की हा त्रास जवळजवळ जातो. पितळेला उलट, रेक शून्य. माथा सपाट ठेवा. स्टीलचं टूल पितळेवर लावलं तर ते स्वतःच आत ओढलं जातं आणि क्रॉस स्लाइडमध्ये बॅकलॅश (स्क्रूतला ढिलेपणा) असेल तर जॉब खराब होतो. म्हणून पितळेसाठी एक बिट वेगळा घासून त्याच्या शेपटीला रंगाचा ठिपका लावून ठेवा.

आता सेंटर उंची. नवशिक्यांच्या ज्या तक्रारी टूलवर ढकलल्या जातात त्यातल्या बऱ्याच इथल्या असतात. ६ मिमीच्या बारवर टोक सेंटरपेक्षा ०.३ मिमी वर असेल तर क्लिअरन्समधून जवळजवळ ६ अंश कमी होतात. इन्सर्टला मुळात ७ अंशच दिलेले असतात, उरतो जेमतेम एक अंश, आणि टूल घासायला लागतं. तीच चूक ४० मिमीच्या जॉबवर जाणवतही नाही. तपासायला चकमधला बार आणि टूलचं टोक यांच्यात पातळ स्टील स्केल हलकेच दाबून धरा, मशीन अर्थातच बंद. स्केल उभी राहिली तर सेंटर बरोबर. तिचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. खात्रीसाठी एक फेसिंग करा. मध्ये छोटा दंडगोल खुंट उरला तर टूल अजून खालीच आहे. पॅकिंगला दात घासून काढलेल्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे छान चालतात, जाडी ०.६५ मिमीच्या आसपास असते. बारीक फरकाला पत्र्याच्या शिम. प्रत्येक बिटाचं पॅकिंग त्याच्याशीच रबरबँडने बांधून ठेवा. पुढे क्विक चेंज टूल पोस्ट घेतलं की ही कटकट संपते, आणि माझ्या मते इन्सर्टच्या मोठ्या सेटवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा त्या पोस्टवर घालणं केव्हाही चांगलं.

इन्सर्टचा एक होल्डर ठेवा म्हटलं, तो कोणता? एससीएलसीआर प्रकारचा, ८ किंवा १० मिमी शँकचा (दांड्याचा), ज्यावर सीसीएमटी ०६०२०४ बसतो. त्या अक्षरांमध्ये सगळी माहिती आहे. पहिला सी म्हणजे ८० अंशांचा समभुज आकार, दुसरा सी म्हणजे ७ अंश क्लिअरन्स, एम ही मापाची अचूकता, टी म्हणजे मध्ये स्क्रूचं छिद्र आणि वर चिपब्रेकर. ०६ ही धारेची लांबी ६ मिमी, ०२ ही जाडी २.३८ मिमी, ०४ ही टोकाची गोलाई ०.४ मिमी. या एका होल्डरने टर्निंग आणि फेसिंग दोन्ही होतं. त्याच जागेवर सीसीजीटी ०६०२०४ किंवा ०६०२०२ बसतो. तो घासून धारदार केलेला, चकचकीत इन्सर्ट असतो, विकला जातो अॅल्युमिनियमसाठी, पण लहान लेथवर एमएसवर हलका हात घ्यायलाही सुंदर चालतो. धार नाजूक असते, म्हणून चौकोनी बार किंवा खाच असलेल्या जॉबवर तो लावू नका. पहिली पेटी सीसीजीटीची घ्या, दुसरी सीसीएमटीची.

दुकानदार डब्ल्यूएनएमजी सुचवेल. सहा धारा मिळतात, हिशेब आकर्षक वाटतो. घेऊ नका. तो निगेटिव्ह इन्सर्ट आहे, होल्डरमध्ये पुढे झुकवून बसवलेला असतो, त्याला जोर आणि जाड कट लागतो. मिनी लेथवर तो सॅडल (बेडवर सरकणारा, टूल पोस्ट वाहणारा भाग) मागे ढकलतो आणि चॅटर देतो. सात-नऊ होल्डरच्या सेटचाही प्रश्न असाच आहे: डाव्या हाताचा होल्डर महिनोन्महिने वापरला जात नाही, प्रत्येक होल्डरचा इन्सर्ट वेगळ्या आकाराचा, आणि शँक बहुधा १२ मिमी.

कार्बाइडवर अधूनमधून ब्रशने तेल किंवा पाणी लावू नका. तापलेली धार एकदम थंड झाली की तडकते. सतत धार सोडता येत असेल तर सोडा, नाहीतर कोरडंच चालवा. एचएसएसला मात्र ब्रशने कटिंग ऑइल लावलेलं चालतं, उलट फायद्याचं.

ब्रेझ केलेली विडिया टूल्स स्वस्त असतात म्हणून नवशिके घेतात आणि निराश होतात. ती दुकानातून येतात तेव्हा धार लावलेली नसते. त्यांना हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं किंवा डायमंड चाक लागतं, पांढऱ्या चाकाने टिप नुसती तापते. घासताना मास्क हवाच, त्या धुळीत कोबाल्ट असतो. तरी एक टूल जवळ असावं: के २० प्रतीच्या टिपचं, बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) कामासाठी. बिडाच्या ओतीव जॉबवर वाळूची कडक साल असते, एचएसएस तिच्यावर पाच सेकंदांत बोथट होतं. विडियाने पहिलाच कट सालीच्या खालपर्यंत, १ ते १.५ मिमी खोल घ्यायचा, मग आतला धातू एचएसएसने आरामात कापता येतो.

याच जागी एक इशारा. सरावासाठी बांधकामावरच्या टीएमटी सळईचे तुकडे आणू नका. सळई तयार करताना पाण्याने एकदम थंड केलेली असते, त्यामुळे बाहेरची कडा कडक आणि आतला गाभा मऊ असतो. वर फासळ्या असतात, त्यामुळे टूलवर ठोके बसतात ते वेगळेच. नवशिक्याने मनापासून लावलेली धार पहिल्या फेऱ्यात जाते आणि त्याला वाटतं आपल्याला धारच लावता येत नाही. ईएन १ए हे सहज कापलं जाणारं स्टील, तेही शिसं मिसळलेलं, मिळालं तर एक मीटर घ्या. चिप तुकड्या-तुकड्यांनी पडते आणि फिनिश लगेच येतं. ते नसेल तर एमएसचा ब्राइट बार. ईएन ८ हे त्याहून कडक स्टील नंतर.

बोरिंगसाठी ८ मिमीचा बार, शक्यतो तोच सीसीएमटी ०६ इन्सर्ट घेणारा, म्हणजे एकाच पेटीत भागतं. तो साधारण ११ मिमीच्या छिद्रात शिरतो. स्टीलचा बार व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नका, ८ मिमीचा बार ३२ मिमीपर्यंत. त्यापुढे तो वाकतो आणि छिद्र आत निमुळतं होतं. शेवटचा हात झाल्यावर डायल न हलवता आणखी एक-दोन फेऱ्या माराव्यात, वाकलेला बार परत येताना राहिलेला धातू काढतो.

पार्टिंग, म्हणजे बारमधून तुकडा कापून वेगळा करणं, हे मिनी लेथवरचं सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. एचएसएसचं १.५ ते २ मिमी जाडीचं ब्लेड घ्या, वर रुंद आणि खाली निमुळतं, म्हणजे बाजू घासत नाहीत. ३ मिमीचं ब्लेड या मशीनला झेपत नाही. २० मिमीचा बार कापायचा तर ब्लेड १२-१३ मिमीच बाहेर हवं, आणि कापायची जागा चकच्या जबड्यांना जमेल तितकी जवळ. ब्लेड बारला अगदी काटकोनात आहे का ते चकच्या तोंडाला टेकवून बघा, एक अंशही तिरपं असेल तर ते खाचेत अडकतं. टोक बरोबर सेंटरला. सॅडल लॉक करा, कंपाउंडची (टूल पोस्टखालच्या वरच्या स्लाइडची) जिब, म्हणजे ढिलेपणा काढणारी पट्टी, घट्ट करा. वेग टर्निंगच्या निम्मा, २० मिमी एमएसला २४० आरपीएमच्या आसपास, आणि तेल सतत. इथे घाबरून थांबत-थांबत फीड दिलं की ब्लेड घासतं, चॅटर सुरू होतं, आणि पुढच्याच फीडला ते एकदम मोठा घास घेतं. जोराने टूल पोस्ट खाली दबतं, टोक आणखी आत शिरतं, मशीन अडतं किंवा ब्लेड मोडतं. हळू पण अखंड फीड द्या. चिप सलग गुंडाळत बाहेर येत असेल तर सगळं ठीक आहे. खाच खोल होत गेली की मागे येऊन अर्धा मिमी बाजूला सरकून खाच रुंद करा, चिपला जागा मिळते. कापला जाणारा तुकडा हाताने पकडायला जाऊ नका.

आट्यांसाठी पहिल्या दिवशी टूल घेऊच नका. एम १२ पर्यंत टॅप आणि डाय पुरतात, टेलस्टॉकचा आधार देऊन डाय सरळ बसते. आटे लेथवर कापायचे झाले की त्याच एचएसएस बिटाला सेंटर गेजने तपासत ६० अंशांचं टोक करा, माथा सपाट. जुन्या ब्रिटिश विटवर्थ आट्यांना ५५ अंश. नंतर इन्सर्ट हवा वाटला तर ११ईआर ए६० हा ०.५ ते १.५ मिमी पिचसाठी, लहान होल्डरवर बसणारा.

तर पहिली खरेदी अशी: ८ किंवा १० मिमीचे सहा एचएसएस बिट, पांढरं चाक, बारीक ऑइल स्टोन, सेंटर गेज, २ मिमीपर्यंतचं पार्टिंग ब्लेड त्याच्या होल्डरसह, एससीएलसीआर होल्डर आणि सीसीजीटीची एक पेटी, आणि दोन सेंटर ड्रिल, कारण त्यांचं टोक मोडतंच. बोरिंग बार दुसऱ्या महिन्यात, के २० विडिया बीड समोर आल्यावर. इन्सर्टचे सुटे स्क्रू आणि टॉर्क्स चावी होल्डरसोबतच मागून घ्या, ते नंतर शोधणं जिवावर येतं. इन्सर्ट फिरवताना त्याखालची बैठक ब्रशने साफ करा. तिथे एक बारीक चिप राहिली तर इन्सर्ट हलतो, आणि स्क्रू जास्त आवळला तर कार्बाइड तडकतं.